शेवाळाचा जमाखर्च

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने शेवाळावर लेख लिहावा, हे पुष्कळांना रुचणार नाही. विषय ऐकताच वर्गातल्या मित्रांनी 'मग बी. एस्सी.लाच का नाही गेलास?' असे विचारून घेतले. पण जमाखर्च हा विषय तर आमचाच! निसर्ग शिल्लक कशी ठेवतो हे पाहायला सायन्सच्या इमारतीची परवानगी लागते, असे मला वाटत नाही.

साठवण दोन प्रकारची. आपण भात-भाकरी खातो, तिचे ग्लुकोज होते आणि लगेच न लागणारे ग्लुकोज शरीर यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून ठेवते. वनस्पती ते स्टार्च म्हणून ठेवतात. (शाळेत मी 'पिष्टमय पदार्थ' शिकलो. कन्नड विभागातले मित्र 'पिष्ट' शिकले. आई सुती साडीला घालते ती कांजी, शेजारच्या अक्कांकडे तीच गंजी. या बाबतीत तरी सीमेवर तंटा नाही.) गंमत अशी की दोन्ही पदार्थ एकाच ग्लुकोजच्या साखळ्या आहेत आणि जोडही त्याच पद्धतीचे. फरक आहे तो फांद्यांचा. ग्लायकोजेनला सगळीकडून सारख्या फांद्या फुटतात. तो झुडपासारखा दाट होत जातो आणि सुमारे ५५ हजार ग्लुकोज जोडली की त्याची वाढच खुंटते, पुढे जागाच उरत नाही. स्टार्चमध्ये फांद्या ठरावीक अंतरावर झुपक्यांनी येतात, मधल्या साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट रचल्या जातात, पाण्यात न विरघळणारा दाणा बनतो आणि तो कितीतरी पट मोठा होऊ शकतो. आमच्या भाषेत सांगायचे तर ग्लायकोजेन हे चालू खाते, केव्हाही काढा. स्टार्च ही मुदतठेव. बटाटा काय किंवा जोंधळ्याचा दाणा काय, पुढच्या पिढीच्या नावाने ठेवलेली ठेवच आहे.

आता प्रश्न असा की चालू खात्याची मुदतठेव कशी झाली? फ्रान्समधील लील येथील विद्यापीठात स्टीव्हन बॉल या जीवरसायनशास्त्रज्ञाने हा प्रश्न क्लॅमिडोमोनस नावाच्या एकपेशीय हिरव्या शेवाळाला विचारला. पद्धत इतकी साधी की आपल्या प्रयोगशाळेतही नवल वाटू नये. शेवाळाला नायट्रोजन कमी दिला की ते घाबरल्यासारखे स्टार्च साठवू लागते. मग बशीतल्या ठिपक्यांवर आयोडीनची वाफ सोडायची. स्टार्च असेल तर ठिपका काळा-निळा होतो. हजारो ठिपक्यांत एखादा वेगळ्या रंगाचा निघाला की समजायचे, याच्या कारखान्यातला एखादा कामगार गैरहजर आहे. मग तो कोण, ते शोधायचे.

अशाच एका वाणात स्टार्चचे दाणे जवळजवळ नव्हतेच. त्यांच्या जागी ग्लायकोजेनसारखा विरघळणारा पदार्थ होता. आणि गैरहजर कामगार कोणता? जोडणारा नव्हे, फांद्या कापणारा! यावरून बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मत मांडले की वनस्पती आधी वेड्यावाकड्या फांद्या वाढवते आणि मग नको त्या छाटते, म्हणूनच उरलेल्या साखळ्या नीट रचल्या जातात. अथणी-विजापूरकडच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको. कापणाऱ्याचे नेमके काम कोणते, यावर पुढे मतभेद झाले. पण तो गेला की दाण्याची घडी बिघडते हे मक्यातही दिसते. जुन्या जातीचा गोड मका गोड का लागतो? त्यात हाच कामगार नसतो, म्हणून साखर आणि विरघळणारा पदार्थ मागे उरतो. हल्लीच्या अधिक गोड जातींत तर त्याआधीचीच एक पायरी मोडलेली असते. सिनेमा थिएटरबाहेर आपण पैसे मोजून खातो तो एका बिघाडाचा फायदा आहे!

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र पानांची आहे. दिवसा पान स्टार्च जमवते आणि रात्री खर्च करते. इंग्लंडमध्ये नॉरिच येथील जॉन इन्स सेंटरमधल्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा तणावर प्रयोग केले. संध्याकाळ नेहमीपेक्षा लवकर आणली, तर रोप त्याच रात्री खर्चाचा वेग कमी करते आणि पहाटेपर्यंत साठा बरोबर पुरवते. म्हणजे शिल्लक भागिले उरलेले तास, हा भागाकार पान करते. २०१३ साली त्यांनी तो कसा होत असावा याचा गणिती आराखडाही प्रसिद्ध केला. महिनाअखेरीस मित्राकडे उसने मागणाऱ्या आमच्या हॉस्टेलच्या मंडळींविषयी मी काही बोलत नाही.

पण हे सगळे ऐकून घेतल्यावर हमखास येणारा प्रश्न असा : याचा उपयोग काय?

हा प्रश्न मला घरातच भेटला. माझी मावसबहीण धारवाडला बायोकेमिस्ट्रीत एम. एस्सी. करते. तिला पुढे पीएच. डी. करायची आहे. काकांचे म्हणणे, बँकेची परीक्षा दे. 'पाच-सहा वर्षे शेवाळ बघत बसलीस तर हातात काय पडणार?' आणि मग माझ्याकडे वळून, 'तू हिशोबातला आहेस, तूच सांग हिला.'

हिशोबाने सांगायचे तर काकांचा प्रश्न चुकीचा नाही, त्यांचे खाते चुकीचे आहे. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की यंत्र घेतले तर तो खर्च त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात पूर्ण टाकायचा नाही. तो भांडवली खर्च, त्याचा लाभ अनेक वर्षे पसरतो. मूलभूत संशोधन हा तसाच खर्च आहे. मार्चअखेर त्याला 'नफा दाखव' म्हणून दटावणारा मुनीम दुकान बुडवील.

उदाहरण घ्या. यकृतातल्या ग्लायकोजेनचे ग्लुकोज करून रक्तात सोडणारा एक एंझाइम काही मुलांत जन्मतः नसतो, हे कोरी दांपत्याने १९५२ साली दाखवले. अशा मुलांची ठेव असते, पण खाते गोठलेले! रात्री रक्तातली साखर धोकादायक उतरते, म्हणून नाकातून नळी घालून रात्रभर अन्न द्यावे लागे. १९८४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एक उपाय प्रसिद्ध केला : मक्याचे कच्चे स्टार्च पाण्यात कालवून पाजणे. न शिजवलेला दाणा हळूहळू पचतो आणि तासन् तास थोडे थोडे ग्लुकोज पुरवतो. शिजवले की हा गुण गेला. गोकाकला मक्यापासून निघणारे स्टार्च पोत्यांनी जाते, तोच हा पदार्थ. दाण्याच्या घट्ट रचनेवर एका मुलाची झोप अवलंबून असते, आणि ही रचना बनते कशी, एवढाच तर शेवाळवाल्यांचा प्रश्न आहे.

भांडवल कोणी द्यायचे, हा पुढचा मुद्दा. साखळीला ग्लुकोज जोडण्यापूर्वी त्याला एका वाहकावर बसवावे लागते, हे शोधणारे लुइस लेलुआर अर्जेंटिनाचे. १९४७ साली ब्युनोस आयर्समध्ये त्यांची संस्था निघाली ती कँपोमार नावाच्या कापड गिरणीवाल्याच्या पैशावर. जागा म्हणजे एक लहानसे घर. दोरीने बांधलेल्या खुर्चीवर बसून काम करतानाचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. १९७० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या गिरणीवाल्याने पहिल्या वर्षी 'उपयोग काय?' असे विचारले असते तर उत्तर देणे जड गेले असते.

उलट बाजूचेही सांगतो. विज्ञानाची मंडळी पैसे मिळवण्यासाठी कधी कधी आमच्याहून वाईट जाहिरात करतात. शेवाळापासून पेट्रोलसारखे इंधन निघणार म्हणून केवढा गाजावाजा झाला, आणि मग बऱ्याच कंपन्यांनी हात आखडता घेतला. अशा आश्वासनांमुळेच काकांसारखी माणसे सावध होतात. 'याचा उपयोग आज सांगता येत नाही, पण प्रश्न खरा आहे' असे सरळ म्हणावे. गिऱ्हाईक कमी येईल, पण परत जाणार नाही.

काकांना मी आकडेच दाखवले. ज्युनियर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे, म्हणजे मुलगी घरचे खाऊन शेवाळ बघणार नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि 'परीक्षा पास झाली तर ना!' म्हणाले. ते खरेच आहे. ताईने नेटचा फॉर्म भरला आहे, काकांनी बँकेचाही भरायला लावला. दोन्हींची फी मी मोबाइलवरून भरली. बँकेची परीक्षा आधी आहे.