राबणें निराळें, खेळणें निराळें

“आमचीं पोरें घरीं राबतात, त्यांना आणखी खेळ कशाला?” असें आमचे पुष्कळ शेतकरी व कारागीर बंधु विचारतात. हें म्हणणें चुकीचें आहे, असें त्यांस स्पष्ट सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

हंडा वाहून मान भरून येते, तासन् तास वांकून काम केल्यानें पाठ धरते. तेंच मूल हुतूतूंत किंवा खोखोंत उतरलें म्हणजे धांवतें, पडतें, उठतें, त्याचें सर्व अंग हालतें आणि हरलें तरी दुसरे दिवशीं पुन्हां मैदानांत येतें. ही शिकवण राबण्यांत कोठून मिळणार? शिवाय आतां सगळींच पोरें राबतात असेंहि नाहीं. शाळा सुटली कीं शिकवणी, शिकवणी सुटली कीं मोबाइल! ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. आपल्या घरांत तें होतें काय?

खेळ ही पैसेवाल्यांची चैन, ही समजूतहि टाकून द्यावी. हुतूतूस मातींत ओढलेल्या रेघा पुरतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुष्काळी माण तालुक्यांतील मोही गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत धांवली. प्रत्येक मुलास पदक मिळणार नाहीं, मिळायला नको. पण निरोगी शरीर व निर्भय मन हें प्रत्येकास मिळूं शकतें.

मुलींचें तर विचारूंच नका. भाऊ मैदानावर आणि बहीण भांड्यांपाशीं, हा कोठला न्याय? भांडीं दोघांनीं मिळून घासावीं व दोघांनींहि खेळावयास जावें.

पण खेळावें कोठें? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें शाळेस क्रीडांगण व वर्गाच्या गरजेप्रमाणें खेळाचें साहित्य आवश्यक ठरविलें आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत निदान तीन चतुर्थांश सभासद पालकच असावे लागतात. म्हणजे विचारण्याचा अधिकार आपल्याच हातीं आहे. तेव्हां बंधुभगिनींनो, पुढच्या बैठकीस जा आणि विचारा: खेळाचा तास गणिताला कां दिला? चेंडू कपाटांत कुलूपबंद कां? मैदानावर कोणाची गंजी, कोणाची गाडी उभी आहे? उत्तर मिळेपर्यंत उठूं नका. आणि घरीं आल्यावर पोरांस म्हणा, “जा, दिवेलागणीपर्यंत खेळून या.”