नवा संगणक घ्या, पण आधी जुन्यातलं मराठी बाहेर काढा



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून आमच्या मलकापुरातही नव्या संगणकाची बोलणी निघतात. जरूर घ्या. पण जुन्यात मराठी मजकूर असेल, तर तो सुखरूप निघेपर्यंत जुना भंगारात देऊ नका.

कारण सांगते. श्री-लिपी, आयएसएम, आकृती ही नावं डीटीपीच्या दुकानात तुम्ही ऐकली असतील. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असे, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडते, पण दिसतात ती अर्थहीन इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, पण जुन्या फायली आपोआप बदलत नाहीत.

आमच्या मामंजींनी घराण्याची वंशावळ, शेताच्या वाटण्यांची टिपणं आणि सासूबाईंनी सांगितलेल्या पाककृती अशाच फॉन्टमध्ये टाइप केल्या. एक दुकानदार म्हणाला, "वहिनी, जुनं सोडा, नवीन टाइप करून घ्या." कशावरून करायचं? मामंजी आता नाहीत. डब्याला गंज चढला तर आपण डबा टाकतो, आतलं धान्य नाही.

जुना प्रोग्राम नव्या संगणकावर का चालत नाही, तेही समजून घ्या. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे आणि त्यावर १६ बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. कधी प्रोग्राम ३२ बिटचा असतो, पण सीडीवरचा त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, म्हणून गाडी दारातच अडते.

मग काय करायचं? सगळ्यात आधी फायली आणि जुन्या संगणकातले फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या. वर्डची फाईल असेल तर तोच फॉन्ट नव्या संगणकात टाकला की बहुतेकदा मजकूर वाचता येतो, प्रोग्राम लागतही नाही. प्रोग्राम लागलाच, तर त्याच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत जुनी विंडोज निवडून बघा. तेवढ्यानं भागलं नाही, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनी विंडोज बसवता येते, परवाना मात्र हवा आणि आत इंटरनेट बंद ठेवा. डॉसच्या काळातल्या प्रोग्रामसाठी डॉसबॉक्स आहे.

काहीजणी म्हणतील, जुना संगणक चालतोय ना, मग राहू दे की. मला हे पटत नाही. आमच्याकडं पावसाळ्यात दिवसातून किती वेळा वीज जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. हार्ड डिस्क सांगून बंद पडत नाही. जुना प्रोग्राम चालवायचा तो मजकूर बाहेर काढण्यापुरता. तो कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा आणि जुन्या छापील प्रतीशी ताडून वाचा. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकतात. मग एक प्रत छापून ठेवा.

फॉन्ट विकणाऱ्यांनीही जुन्या गिऱ्हाइकांना कन्व्हर्टर मोफत द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फॉन्ट त्यांचा असेल, मजकूर आपला आहे.

मोडीतली दस्तं अनेक घरांत अजून धडधाकट आहेत, फक्त वाचणारं माणूस शोधत फिरावं लागतं. पण मोडी निदान कागदावर डोळ्यांना दिसते. फाईल एकदा गेली की जाणकारापुढे ठेवायलाही काही उरत नाही. म्हणून या रविवारी घरातल्या थोरांना विचारा, कुठल्या संगणकात काय टाइप केलंय. ते सांगू शकतात तोवर विचारा.