डोक्याला जबर मार: पेशंट वाचेल का, हे रक्त सांगेल?

हार्ट अटॅकचा संशय आला की ट्रोपोनिनची रक्त तपासणी होते, हे तुम्ही ऐकलं असेल. मेंदूसाठीही आता तसंच काहीसं आलंय. डोक्याला मार लागला की दोन प्रथिनं रक्तात उतरतात. जीएफएपी येतं मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींमधून, तर यूसीएच-एल१ चेतापेशींमधून. अॅबट कंपनीच्या हातात मावणाऱ्या यंत्रावर साधारण १५ मिनिटांत दोन्ही मोजता येतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली, पण ती सौम्य इजेत सीटी स्कॅन लागेल का, एवढं ठरवण्यापुरती.

जीव वाचेल का, हा वेगळा प्रश्न. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय अभ्यासात सुमारे १,७०० जणांचं मार लागला त्याच दिवशीचं रक्त तपासलं. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ६ महिन्यांत मृत्यूचा धोका कोणाला जास्त, हे या प्रथिनांवरून बऱ्यापैकी कळलं. मात्र वाचलेला माणूस पूर्ण बरा होईल की काही त्रास मागे राहील, हे सांगण्यात टेस्ट कच्ची पडली.

मला काळजी वाटते ती पुढची. आकडा वाईट आला म्हणून उपचार लवकर थांबवले, तर पेशंट दगावेल आणि टेस्ट आपोआप 'खरी' ठरेल! म्हणून आयसीयूबाहेर कोणी असा आकडा सांगितला, तर डॉक्टरांना जरूर विचारा: वय, शुद्धीची पातळी आणि सीटी स्कॅन काय म्हणतायत?