टर्बो कोणता घेऊ? आधी सांगा, जुना का मेला!

आज डोकं जरा तापलेलं आहे, तेव्हा समजून घ्या मंडळी.

गोंदियाला माझ्या मामेभावाकडे फियाट लिनिया टी-जेट आहे. सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने ईसीयू रिमॅप केलेला, जाड एक्झॉस्ट बसवलेला आणि मूळ डबा काढून उघडा, कोनासारखा एअर फिल्टर लावलेला. आता टर्बो निळा धूर सोडतोय. पठ्ठ्याने पुण्या-मुंबईतल्या गाडीवेड्यांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "काढतोच आहेस तर मोठा टाक!" मग मला फोन. "भाऊ, सगळेच मोठा घे म्हनून सांगून राहिले. पैसा तर एकदाच लागन. तू काय म्हनतो?"

मी म्हणतो, हा सल्ला शुद्ध मूर्खपणाचा आहे.

आपण सॉफ्टवेअरवाले लोक. सर्व्हर पडला आणि कुणी लॉग न वाचता "डबल रॅमचा घेऊ" म्हणाला, तर त्याला आपण मीटिंगमध्ये सोलून काढतो. तीच माणसं शनिवारी गाडीपाशी आली की लॉग-बिग सगळं विसरतात.

टर्बो सहसा म्हातारपणाने मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो, आणि एका बाजूला पेट्रोल इंजिनचा ९०० अंशांचा धूर असतो. तेल उशिरा बदललं, तेलाची नळी काजळीने अर्धी बुजली, हायवेवरून रेमटवत आणून गाडी लगेच बंद केली, फिल्टरमधून धूळ आत गेली. यातलं काहीही पुरतं. आणखी एक. इंजिनचा ब्रीदर किंवा टर्बोकडून तेल परत नेणारा पाइप तुंबला, तर धडधाकट टर्बोसुद्धा निळा धूर सोडतो. म्हणजे कारण न शोधता नवा बसवलात, तर मारेकरी घरातच आहे. तो नव्यालाही मारणार, फक्त या वेळी महागड्याला.

आता गोंदिया बघा. भातगिरण्यांचा जिल्हा. हंगामात कोंड्याची आणि कच्च्या रस्त्यांची धूळ हवेत असते, आणि आपले वीर तिथे उघडा फिल्टर लावून "आवाज काय भारी येतो" म्हणतात. कंप्रेसरच्या पात्यांना तो आवाज ऐकू येत नाही, धूळ मात्र लागते. त्यात तो फिल्टर इंजिनच्या खोलीतली तापलेली हवा ओढतो. मे महिन्यात पारा ४६ वर गेला की हवा २५ अंशांच्या मानाने सुमारे ७ टक्के विरळ होते. तेवढीच हवा भरायला टर्बोला जास्त पळावं लागतं. पुण्याच्या थंडीत केलेला रिमॅप इथल्या मे महिन्यात टर्बोचा अंत बघतो. इथे शहाणपण म्हणजे बूस्ट थोडा उतरवणं, पण उतरवलेल्या आकड्याचा स्क्रीनशॉट कोण टाकणार? :)

आता थोडं गणित. ढोबळ मानाने मिनिटाला १ पौंड हवा म्हणजे १० हॉर्सपॉवर. लिनियाचं इंजिन १३६८ सीसीचं, कंपनीचा आकडा ११४ बीएचपी. रांजणगावलाच बनलेल्या, तेवढ्याच सीसीच्या अबार्थ पुंतोने २०१५ मध्ये १४५ दिले. म्हणजे १४० ते १५० हे ध्येय धरलं तर मिनिटाला १५ पौंड हवा पुरे. त्यासाठी अडीचशे-तीनशे हॉर्सपॉवरचा टर्बो कशाला? मोठं टर्बाइन फिरवायला धूर जास्त लागतो, आणि एवढंसं इंजिन तो साडेतीन-चार हजार आरपीएमच्या आधी देतच नाही. वर इंजेक्टर, क्लच, फ्युएल पंप, ट्यूनिंग हा खर्च वेगळाच. त्यातही आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला इंजेक्टरमधून जास्त इंधन सोडावं लागतं, म्हणजे जुन्या रिमॅपचा हिशेबही पुन्हा करायला हवा.

आणि हा माणूस गाडी चालवतो कुठे? गोंदिया ते कोहमारा, मुरदोलीच्या जंगलातून. पुढे देवरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, नागपूर-रायपूरच्या ट्रकांनी भरलेला. नवेगाव-नागझिऱ्यातल्या जनावरांच्या वाटा हे रस्ते ओलांडतात. मामीला तपासणीसाठी नागपूरला नेतो तो याच गाडीतून. ट्रकला ओलांडताना त्याला ताकद हवी दोन-अडीच हजार आरपीएमला, आणि लगेच. पाय दाबून 'एक, दोन, तीन' मोजल्यावर एकदम धक्का देणारा टर्बो ट्रॅकवर मजा असेल. समोरून दुसरा ट्रक येताना ती मजा नाही.

"पण ट्रॅकवाले लावतातच की!" लावोत. त्यांच्याकडे सुटे इंजिन असतं, ट्रेलर असतो आणि सोमवारी बसने जायची तयारी असते. माझं भांडण मोठ्या टर्बोशी नाही, दुसऱ्याच्या रोजच्या गाडीत तो फुकटात बसवणाऱ्या सल्लागारांशी आहे.

स्वस्तातला "सेम टू सेम" हा दुसरा सापळा. नावाजलेल्या कंपनीसारखाच डबा, आत काय आहे ते देव जाणे. या वेगाला बॅलन्स किंचित चुकला तरी बेअरिंग संपतं. त्यापेक्षा बॅलन्सिंगचा कागद देणाऱ्याकडून मूळ मापाचं नवं कार्ट्रिज घ्या. घरं आणि वेस्टगेट चांगले असतील तर तेवढ्यावर भागतं.

कायदाही आहे बरं का. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला की विमा कंपनीही पहिल्यांदा बॉनेटच उघडायला लावते.

म्हणून भावाला यादी पाठवली. ब्रीदर आणि तेलाचा परतीचा पाइप तपास. टर्बोचा दांडा हाताने हलवून बघ: आडवा थोडा हलला तर घाबरू नको, पुढे-मागे हलला तर तो गेला. मूळ फिल्टरचा डबा परत बसव. तेलाची नळी नवी घाल. टर्बो खरंच मेला असेल तर मूळ मापाचाच घे, आणि रिमॅप तिथल्या उन्हात, तिथल्या पेट्रोलवर करून घे.

यातल्या एकाही गोष्टीचा फोटो टाकून लाइक्स मिळत नाहीत. सल्लागारांना ते चालणार नाही, ठाऊक आहे. पण नागपूरच्या रस्त्यावर त्या गाडीत मामी बसलेली असते, सल्लागार नव्हे.