घरशाळा कोणाच्या घरात?

गेल्या महिन्यात कळमनुरीत आपल्याच समाजातल्या एका जोडप्याने मला घरी बोलावले. नवरा पदवीधर, बायको डी.एड. झालेली. मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांनाही त्यांनी शाळेतून काढले आहे.

"दादा, तुम्ही सभेत 'शाळा वाचवा' म्हणता. आमच्या लेकरांना शाळेपासून कोण वाचवणार?" ताईंनी विचारले.

कारण साधे आहे आणि आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे. "तुम्हाला काय, सगळं फुकटच मिळतं," असे मुलीला भरवर्गात ऐकवले गेले. पोर दोन दिवस नीट जेवली नाही.

मी त्यांच्या घरी दिवसभर बसलो. सकाळी भाकरी थापताना आई पिठाच्या गोळ्यांवर पाढे घेते. पेपरात आलेला हळदीचा कालचा आणि आजचा भाव घेऊन मुलगी वजाबाकी करते. संविधानाची उद्देशिका दोघांना तोंडपाठ आहे आणि 'बंधुता' म्हणजे काय हे सहा वर्षांचा पोरगा समजावून सांगतो. हे शिक्षण नाही असे म्हणायची माझी हिंमत नाही. रामजी सुभेदारही भिवाचा अभ्यास घरी घेतच होते.

पण रामजींनी भिवाला शाळेतून काढले नाही. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागत होते, पाण्याला हात लावू दिला जात नव्हता. तरी शाळा सोडली नाही. का? घरात मिळते ते ज्ञान. शाळेत ज्ञानाबरोबर हक्क मिळतो.

घरशाळेचे गोडवे गाणारे एक उदाहरण नेहमी देतात. मुंबईची एक मुलगी शाळा सोडून घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये पदके मिळवली आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. तिचे अभिनंदनच! पण बारावीचे प्रमाणपत्र नव्हते म्हणून आयआयटीचे दार तिला बंद होते, हे त्याच बातम्यांत होते. तिला परदेशाचे दार उघडले. आपल्या पोरांना कोणते उघडेल? आपल्याकडे जातीचा दाखला काढायचा, जात पडताळणी करायची, तर शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश निर्गम उतारा आधी मागतात. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीला हजेरीपटावर नाव लागते. वरच्या जातीच्या घराने शाळा सोडली तर त्याला 'प्रयोग' म्हणतात. आपण सोडली तर 'गळती' म्हणतात.

आणि आपल्या तालुक्यात दुसरीही एक घरशाळा आहे, तिचे व्हिडिओ कोणी काढत नाही. दिवाळीच्या सुमारास तांडे-वाड्यांवरून जोडपी उसाला जातात. आठ वर्षांची पोर कोपीवर धाकट्या भावाला सांभाळते, चूल पेटवते, पाणी आणते. तीही घरीच 'शिकते'. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर ती वाचते, नाही तर पुढच्या हंगामात तिच्याच हातात कोयता येतो.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत केले. ही सक्ती लेकरावर नव्हती, व्यवस्थेवर होती. घरातले शिक्षण त्या काळीही होतेच, ते कोणाच्या घरात होते हाच तर प्रश्न होता!

आज सरकारलाही हेच हवे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे परिपत्रक निघाले. फेब्रुवारी 2024 मध्ये आरटीईच्या 25 टक्के जागांतून बहुतेक खाजगी शाळांना सूट देण्याचा प्रयत्न झाला. उच्च न्यायालयाने तो हाणून पाडला. पट कमी झाला की शाळा बंद करायला निमित्त मिळते. आपण काढलेले प्रत्येक मूल त्या निमित्तात भर घालते.

मग अपमान गिळायचा का? मुळीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांच्या मानसिक छळाला बंदी घातली आहे. कलम 21 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या. आपण त्या बैठकीला जातो का? की चहापाण्यापुरती सही करून येतो?

ताईंना मी एवढेच म्हणालो, लेकरांना शाळेत पाठवा, लेखी तक्रार करा, आम्ही दहा जण सोबत येतो. आणि तुमची ही घरची शाळा बंद करू नका. संध्याकाळी ओसरीवर गल्लीतली सगळी लेकरे बसवा.

ताईंनी अजून होकार दिलेला नाही. त्यांचा विश्वास बसायचा असेल तर भाषण पुरणार नाही. तक्रारीच्या दिवशी आपण किती जण शाळेच्या दारात उभे राहतो, ते त्या पाहणार आहेत.

जय भीम! जय संविधान!