क्रूस म्हणजे ताईत नव्हे

भयपटाच्या शेवटी कोणीतरी क्रूस उगारतो, सैतान किंचाळत मागे हटतो आणि टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या कॅथलिक कुटुंबात समाधानाची एक लहर पसरते. ‘बघा, अखेर आपला क्रूसच कामाला आला!’ असे उद्गार यवतमाळपासून वणी-पुसदपर्यंतच्या घरांतून आम्ही अनेकदा ऐकले आहेत. खरे सांगायचे तर एके काळी ते आमच्याही तोंडून निघाले आहेत. आज आम्हांला तक्रार मांडायची आहे ती या समाधानाविरुद्ध. पडद्यावर आपल्या श्रद्धेचा अवमान झाला म्हणजे आपण निषेध करतो. २००६ साली ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाच्या वेळी मुंबईत निदर्शने झाली, हे वाचकांना आठवत असेल. परंतु क्रुसाचा ताईत करून दाखवला म्हणजे आपण टाळ्या वाजवतो. आमच्या मते हा दुसरा अवमान पहिल्याहून अधिक घातक आहे, कारण तो अवमान आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही.

थोर साहित्यकृतींवरून तुटपुंज्या भांडवलात भयपट काढण्याचा धंदा आज जगभर जोरात आहे. त्यामागचे गणित सोपे आहे. ग्रंथस्वामित्वाची मुदत संपली की लेखकाची परवानगी लागत नाही, मानधन द्यावे लागत नाही, आणि पुस्तकाचे नाव आधीच घरोघरी पोहोचलेले असल्यामुळे जाहिरातीचा खर्चही वाचतो. ए. ए. मिल्न यांचे ‘विनी-द-पू’ हे बालकांचे लाडके पुस्तक १९२६ सालचे. अमेरिकेत १ जानेवारी २०२२ रोजी ते सर्वांना खुले झाले आणि २०२३ साली त्यातील भाबडे अस्वल ‘ब्लड अँड हनी’ या चित्रपटात खुनी होऊन अवतरले. खर्च एक लाख डॉलरांहून कमी, प्राप्ती त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी ही मुदत संपते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे ‘श्यामची आई’ २०११ सालापासून सर्वांना खुली आहे. उद्या कोणी त्या माऊलीला पांढऱ्या लुगड्यातील हडळ करून विहिरीवर उभी केली, तर आपल्याला काय वाटेल? ते जे वाटेल, तेच इतर भाषांतील थोर पुस्तकांविषयीही वाटायला हवे.

या सर्वांत अधिक लुटले गेलेले पुस्तक म्हणजे ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी. तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण ती वाचलेले थोडे. काउंटच्या गढीकडे निघालेला जोनाथन हार्कर हा इंग्रज तरुण प्रॉटेस्टंट आहे. क्रूस व जपमाळ यांना मूर्तिपूजा मानण्याची शिकवण त्याला मिळालेली आहे. खाणावळीतील एक वृद्ध स्त्री स्वतःच्या गळ्यातील क्रूस काढून त्याला देते, आणि तो घेण्याची विनवणी करते ती त्याच्या आईसाठी. म्हणजे या कादंबरीत क्रूस प्रथम येतो तो एका परक्या म्हातारीच्या मायेची खूण म्हणून. पुढे कळते की घरातील कोणी बोलावल्यावाचून काउंट त्या घराचा उंबरा प्रथम ओलांडू शकत नाही. दुष्टाई दाराशी उभी असते, पण कडी आतून काढावी लागते! पापाविषयी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण जे शिकलो, त्याहून हे निराळे काय आहे?

आणि सर्वांत मोलाची गोष्ट पुढेच आहे. काउंटने जिचे रक्त प्यायले, जिच्या कपाळावर त्या विटाळाचा डाग उमटला, ती मीना आपल्या सोबत्यांना विनवते की त्याचाही द्वेष करू नका. एवढे दुःख पसरवणारा तो जीव स्वतः सर्वांहून दुःखी आहे. कादंबरीच्या अखेरीस काउंट मरतो तो क्रुसाने नव्हे. सुऱ्यांचे दोन घाव त्याचा अंत करतात, आणि त्यांपैकी एक घालणारा क्विन्सी मॉरिस त्या झटापटीत स्वतःचे प्राण गमावतो. मरताना काउंटच्या चेहऱ्यावर क्षणभर शांती उतरलेली मीनाला दिसते. शत्रूच्याही तारणाची आस धरणारी ही कथा आहे.

आता हीच कथा आपल्या पडद्यावर कशी आली ते पाहू. रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’ १९९० सालचा. त्यातील रक्तपिपासू, वटवाघळाचे रूप घेणारा नेवला कोणाचा वंशज आहे, हे स्टोकरच्या वाचकाला सांगावे लागत नाही. रामसे कुटुंबाच्या कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. सात भाऊ लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी अशी कामे आपसांत वाटून घेत आणि थोड्या पैशांत, थोड्या दिवसांत चित्रपट पुरा करीत. ‘बंद दरवाजा’च्या आरंभी एक मोलाचे बीजही आहे: अपत्यासाठी आसुसलेली ठाकुराची पत्नी नेवल्याकडे जाते आणि मुलगी झाल्यास ती त्याला देण्याचा करार होतो. येथेही दाराची कडी आतूनच निघाली आहे! परंतु चित्रपटाला त्या बाईच्या मनाशी काही कर्तव्य नाही. गाणी, विनोदी उपकथानक आणि किंकाळ्या यांच्या गर्दीत तो प्रश्न कोठल्या कोठे हरवतो. उरतो एक उंचापुरा राक्षस आणि त्याला मारण्याची युक्ती. १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’मध्ये त्या युक्तीचे साधन त्रिशूळ होते, दुसऱ्या कोठे ते क्रूस असते. साधन बदलले तरी बिघडत नाही, कारण ते कोणत्या श्रद्धेतून आले याच्याशी कोणालाच देणेघेणे नसते.

‘पण एवढ्याशा पैशांत याहून निराळे काय होणार?’ असे कोणी म्हणेल. हा बचाव आम्हांला मान्य नाही. १९२२ साली जर्मनीत मुर्नाव यांनी ‘नोस्फेराटू’ हा मूकपट काढला तो ‘ड्रॅक्युला’वरूनच, परवानगी न घेता, पात्रांची नावे बदलून. स्टोकर यांच्या पत्नीने न्यायालयात धाव घेतली आणि चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला. तो चित्रपट तरीही वाचला आणि आज अभिजात गणला जातो. त्यात नायकाची पत्नी गावाला वाचवण्यासाठी जाणूनबुजून स्वतःला त्या पिशाचाच्या स्वाधीन करते आणि पहाटेपर्यंत त्याला रोखून धरते. कथा उचलली, पण आत्मबलिदानाचा गाभा सांभाळला. आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण राही अनिल बर्वे यांच्या २०१८ सालच्या ‘तुंबाड’चे. आपल्या विदर्भातील नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने सांगितलेली नारायण धारपांची कथा हे त्याचे मूळ, आणि नाव आले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. बड्या नटाचे नाव पाठीशी नसताना, वर्षानुवर्षे रखडत तो पुरा झाला. त्यात राक्षस आहे, पण आपल्याला अधिक भय वाटते ते बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या लोभाचे. तेव्हा दोष गरिबीचा नाही. प्रश्न टाकून देऊन केवळ भीती विकायला ठेवली जाते, दोष त्या निवडीचा आहे.

मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चेही हेच झाले. मूळ कादंबरीतील तो निर्माण केलेला जीव वाचायला शिकतो, मिल्टनचे महाकाव्य वाचतो आणि आपल्या निर्मात्याला जाब विचारतो: मला घडवून वाऱ्यावर का सोडलेस? १९३१ सालच्या गाजलेल्या चित्रपटाने त्याची वाचाच काढून घेतली, आणि पुढच्या स्वस्त भयपटांनी तो मुका, हात पसरून चालणारा बुजगावणा तेवढा उचलला. वाचकहो, तो हरवलेला प्रश्न आपल्या जिल्ह्याला परका आहे काय? २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. माणसाने घडवलेल्या वस्तूची जबाबदारी घडवणाऱ्याने, विकणाऱ्याने, वापरायला लावणाऱ्याने कोठवर उचलायची? हा शेलीबाईंचाच प्रश्न आहे, आणि तो आपल्या कपाशीच्या तासांत उभा आहे. ज्या मुलाने ते पुस्तक वाचले असेल त्याला तो विचारता येईल. ज्याने केवळ मुका राक्षस पाहिला, तो घाबरेल आणि निजेल.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. आपल्या भागात करणी, मूठ, भानामती हे शब्द केवळ पुस्तकी नाहीत. घरात आजार लांबला की कोणीतरी बाहेरचे बघायला सुचवतो, आणि आपली कॅथलिक घरेही त्याला अपवाद नाहीत. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून मारणे, चटके देणे हा २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला आहे. असा कायदा करावा लागला, यातच सारे आले. अशा मुलखात पडद्यावरचा क्रूस शिकवतो काय? दुष्टाई सदैव बाहेरून येते, तिच्यात माझा वाटा काही नाही, आणि योग्य वस्तू हाती असली म्हणजे अंतःकरणाचा विचार करण्याची गरज नाही. म्हणजे मांत्रिकाचेच शास्त्र! फक्त लिंबाच्या जागी क्रूस आला. कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथाने याला अंधश्रद्धा असे स्वच्छ नाव दिले आहे. मनाची वृत्ती बाजूला ठेवून प्रार्थनेच्या किंवा संस्कारचिन्हांच्या केवळ बाह्य कृतीला सामर्थ्य चिकटवणे म्हणजे अंधश्रद्धेत पडणे, अशी त्याची शिकवण आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायातील स्किवाचे सात पुत्र आठवा. येशूचे नाव मंत्रासारखे वापरून ते भूत काढू गेले आणि त्याच भुताचा मार खाऊन उघडेनागडे पळाले. प्रभूचे नाव त्यांच्या ओठांवर होते, प्रभूशी नाते मात्र नव्हते.

येथे एक कबुली देणे अगत्याचे आहे. खुद्द स्टोकरही निर्दोष नाहीत. त्यांचा व्हॅन हेल्सिंग पवित्र भाकर कुसकरून थडग्याच्या फटी लिंपतो आणि त्यासाठी आपल्याकडे चर्चची खास सूट असल्याचे सांगतो. अशी सूट कोणतेही चर्च देणार नाही, आणि ते पान वाचताना कॅथलिक मनाला यातना होतात. तथापि ज्या कादंबरीत ही चूक आहे, तिच्यातच मीनाची करुणाही आहे. चित्रपटवाल्यांनी चूक उचलली आणि करुणा टाकून दिली, हा आमचा आरोप आहे.

मग यावर बंदी घालावी काय? मुळीच नाही. बंदीने चित्रपटाचे आकर्षण वाढते आणि पालकांचा आळस झाकला जातो. अमरावती धर्मप्रांतातील आपली कुटुंबे विखुरलेली, संख्येने थोडी. पण प्रत्येक धर्मग्रामात तरुणांची सभा भरते, एखादे पुस्तकांचे कपाट असते. त्या कपाटात संतचरित्रांच्या शेजारी ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ ठेवायला आपण का कचरतो? भयपट पाहू द्यावा, आणि मग ते पुस्तक हाती देऊन विचारावे: दाराची कडी कोणी काढली? घडवणाऱ्याचे कर्तव्य काय होते? शत्रूसाठी कोण रडले?

आणि एखाद्या रात्री तसाच चित्रपट पाहून घरातल्या मुलाने विचारले, ‘क्रूस दाखवल्यावर सैतान का पळाला?’, तर टाळी वाजवून वेळ मारून नेऊ नये. त्याला भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहायला सांगावे. त्यावर ज्याने प्राण दिला, त्याने त्या घटकेला कोणालाही पळवून लावले नाही. मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली आणि शेजारी टांगलेल्या चोराला आपल्यासोबत नेले.