कागदात गुंडाळलेलं पाकीट

मेडिकलच्या दुकानात कॉलेजचा एखादा मुलगा बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहतो. मग हळूच मागतो. दुकानदारही न बोलता पाकीट वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देतो. तेवढ्यात ओळखीची काकू आलीच, तर डोकेदुखीची गोळी घेऊन मुलगा परत फिरतो. कंडोम कशासाठी असतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मग पाऊल मागे का पडतं? मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांच्या सिद्धान्तानुसार इरादा तीन गोष्टींवर ठरतो: त्या कृतीबद्दल आपलं मत, आपली माणसं काय म्हणतील याचा अंदाज, आणि आपल्याला ते जमेल हा विश्वास. आपल्याकडचा प्रचार बहुतेक पहिल्या गोष्टीभोवतीच फिरला. १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ हा कंडोम आणला, अवघ्या पाच पैशांना एक. भिंती रंगल्या, जाहिराती झाल्या. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कंडोमवर भिस्त असलेली विवाहित जोडपी ९.५ टक्केच निघाली. स्त्रियांची नसबंदी मात्र ३७.९ टक्के. काळजी बाईनेच घ्यायची, हे मुलगे घरातच बघत मोठे होतात.

मुलीची कोंडी याहून वाईट. तिच्या पर्समध्ये पाकीट दिसलं की ती ‘तसली’ ठरते. तिने आग्रह धरला, तर ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा सवाल येतो. प्रेमात पडलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला त्या क्षणी एचआयव्हीची आकडेवारी तारत नाही. याआधी कुणाशी तरी या विषयावर मोकळं बोलणं झालेलं असेल, तरच तिच्या तोंडून शब्द फुटतो.

नेमकं ते बोलणंच आपण अडवलं. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, पुढे नोकरीवर पाणी सोडलं, ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकासाठी खटले सोसले. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. त्याच महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण विरोधापुढे झुकून थांबवलं गेलं, ही शरमेची गोष्ट आहे. २०१७ मध्ये तर कंडोमच्या जाहिराती सकाळी सहा ते रात्री दहा दाखवू नका, असं केंद्राने वाहिन्यांना बजावलं.

कॉलेजच्या स्वच्छतागृहांत कंडोमची यंत्रं हवीत, मुलांच्या आणि मुलींच्याही. ‘कंडोमशिवाय नको’ हे कसं म्हणायचं, याचा सराव वर्गात दोघांना एकत्र बसवून घ्यायला हवा. आणि मेडिकलवाल्यांनी टूथपेस्ट देतात तसंच ते पाकीट काउंटरवर ठेवावं, कागद न शोधता.